चेहरा फोटोशी जुळवणे

संघदीपच्या डोक्यात कार्टूनचं भूत शिरलं ते २००८ सालच्या एप्रिलात, आणि त्या भुतानं एका पोरीची परीक्षा जवळजवळ पाण्यात घातली. जवळजवळ म्हणतोय, तेव्हा लगेच जीव टांगणीला लावून बसू नका. तो संघदीपनं पुरेसा लावला होता.

तिरोड्याला बसस्टँडसमोरच्या ओळीत त्याचं दुकान. आठ बाय दहाची खोली, मागं निळा पडदा, एक डगमगतं स्टूल, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर. पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स हे पोटापाण्याचं काम. वय सत्तावीस, अंगानं काटकुळा, स्वभावानं उतावळा. नागपूरहून तो फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची एक नवी सीडी घेऊन आला आणि तिच्यात त्याला हा खेळ सापडला. माणसाच्या गालावर रंगाच्या शंभर छटा असतात, त्या कमी करत करत चारावर आणायच्या. नाक, डोळे, हनुवटी यांच्या कडेनं जाड काळी रेघ मारून घ्यायची. मग डोळे जरा ओढून मोठे करायचे, केसांचा एकच काळा गठ्ठा करायचा, त्यावर एक निळी चमक. झालं कार्टून. पहिलं त्यानं स्वतःचंच केलं आणि दुकानात एकटाच बसून इतका हसला की शेजारचा हार्डवेअरवाला विचारायला आला, बाबा रे, बरा आहेस ना.

मग काय, हार्डवेअरवाल्याचं झालं, चहावाल्याचं झालं, बसस्टँडवरच्या चौकशी खिडकीतल्या माणसाचं झालं. पंधरा दिवसांत गावाला वेड लागलं. लोक लग्नाचे अल्बम काखोटीला मारून येऊ लागले. एक जण म्हशीचा फोटो घेऊन आला आणि म्हणाला, "शिंगं जरासे मोठे कर, बाकी जशी आहे तशीच राहू दे." एका बाईनं नवऱ्याचं कार्टून करून फ्रेममध्ये बसवलं. घरी नवरा आवाज चढवायला लागला की ती फ्रेम त्याच्यासमोर धरायची आणि तो स्वतःला पाहून गार पडायचा. संघदीपचे पाय जमिनीवर नव्हते. जेवताना समोरच्याकडे पाहिलं तरी मनातल्या मनात त्याच्या नाकाच्या कडेनं काळी रेघ मारायचा.

अशा दिवसांत रीना गजभिये दुकानात आली. बोदलकसा तलावाजवळच्या गावची, भैयालाल गवंड्याची थोरली पोरगी. गावात नर्सबाई आली की ही तिची पिशवी धरून घरोघर फिरायची. कुणाला किती महिने झाले, कुणाच्या पोराला कोणती सुई राहिली, हे नर्सबाईच्या वहीच्या आधी रीनाला ठाऊक असायचं. तिला नर्सच व्हायचं होतं, दुसरं काही नाही. गोंदियातल्या एका नर्सिंग विद्यालयाची प्रवेश परीक्षा जूनमध्ये होती, जागा चाळीस, आणि त्यांची वयाची अट अशी की यंदा बसली नाही तर पुढच्या वर्षी फॉर्मच भरता येणार नाही. मागच्या वर्षी ऐन परीक्षेला तिला टायफॉईड झाला होता. म्हणजे पहिली आणि शेवटची संधी हीच.

"आठ पासपोर्ट पाह्यजे," रीना म्हणाली आणि स्टुलावर अशी ताठ बसली, जशी काही फोटो नाही, इंजेक्शन घ्यायला आली आहे.

संघदीपनं एक फोटो काढला. चांगला आला, म्हणजे पासपोर्टला चांगला. तोंडावरची माशी हलणार नाही असा. "अजून एक काढतो," असं म्हणून तो मागं सरकला, वायरीत पाय अडकला, आधाराला त्यानं पडदा धरला आणि पडद्याची दांडी, पडदा आणि संघदीप तिघंही एकदम खाली आले. रीनानं आधी ओढणी तोंडाला लावली. मग ओढणी सुटली आणि ती खो खो हसली, सगळे दात दाखवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. खाली पडल्या पडल्या संघदीपच्या बोटानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. मुद्दाम दाबलं की आपोआप, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

संध्याकाळी पाकीट न्यायला ती आली तेव्हा त्यात आठ गंभीर फोटो होते आणि नववा एक, तेवढ्याच आकाराचा, कार्टून. मोठाले डोळे, लालभडक गाल, दातांची एकच पांढरी पट्टी, सगळा चेहरा हसण्यानं भरलेला.

"हे काय होय?"

"स्कीम आहे. आठवर एक फ्री."

अशी कसलीही स्कीम त्याच्या दुकानात नव्हती. रीनानं फोटोकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पाकीट पर्समध्ये टाकून ती बसकडे गेली.

आता मधला महिना सोडून देतो. जूनमधल्या एका बुधवारी, भर दुपारी, रीना आणि भैयालाल दुकानात शिरले. रीनानं एक शब्द न बोलता काउंटरवर हॉल तिकीट ठेवलं. संघदीपनं ते उचललं. नाव बरोबर, बैठक क्रमांक बरोबर, येत्या रविवारी सकाळी अकरा बरोबर. आणि उजव्या कोपऱ्यात, चौकटीत अगदी मधोमध, एक केससुद्धा वाकडा नाही असा, त्याचा नववा फोटो चिकटवलेला. त्याच्यावर अर्ध्यात विद्यालयाचा गोल जांभळा शिक्का आणि कुणाची तरी झोकदार सही.

"हा कोनं लावला?" संघदीपनं फोटोवर बोट ठेवून विचारलं.

"म्या," भैयालाल म्हणाला, आणि तेही कौतुकानं. "टेप धरून लावला. चारही बाजूनं दोन-दोन सूत जागा सोडून."

भैयालाल म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेला गवंडी. त्यानं बांधलेल्या भिंतीला ओळंबा लावून दाखवा, केसाचा फरक निघायचा नाही. पोरीचा फॉर्म आहे, वाकडातिकडा चिकटायला नको, म्हणून फोटो लावायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं होतं. रीना तेव्हा नर्सबाईबरोबर पोलिओच्या थेंबांना गेली होती. फॉर्म आणि त्याला जोडलेलं हॉल तिकीट तिनं सगळं भरून ठेवलं होतं, फक्त फोटो राहिले होते. बापानं लावले, लिफाफ्याला गोंद लावला आणि पोस्टात टाकून आला. तिकीट शिक्का बसून परत आलं ते हे असं.

"पन काका, आठ चांगले फोटू होते ना."

"थे चांगले?" भैयालालनं विचारलं. "थ्या आठांत पोरगी जशी काही पोलीस ठेसनात बसली आहे. हा पाहा, कसा हसून राहिला. दवाखान्यात पेशंटले असा चेहरा पाह्यजे का नाही?"

रीनानं कपाळाला हात लावला. मग तिनं संघदीपकडे मान वळवली. "आनि तुवा हा देल्ता कायले?"

"स्कीम," संघदीप पुटपुटला.

त्यानं नखानं फोटोचा कोपरा उचलून पाहिला. भैयालालचा गोंद होता तो, सिमेंटासारखा बसलेला. फोटो ओढला असता तर खालचा कागद आला असता, शिक्काही फाटला असता. शिक्का काय, कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत दुसरा करता येतो, असं संघदीप बोलून गेला आणि रीनानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते वाक्य अर्ध्यातच गिळलं. "मले नर्स व्हाचं आहे," ती म्हणाली. "जेलात नाही जाचं."

गुरुवारी संघदीप हॉल तिकीट घेऊन पहिल्या बसनं गोंदियाला गेला. विद्यालयाच्या ऑफिसात एक बाबू होता, फायलींच्या ढिगामागं फक्त त्याचा भांग दिसत होता. संघदीपनं सगळी कहाणी सांगितली. बाबूनं तिकीट हातात घेतलं, शिक्का पाहिला, सही पाहिली आणि परत दिलं.

"शिक्का आहे ना? तो फिर फोटो मंजूर है."

"पण साहेब, हे कार्टून आहे."

"दुरुस्तीकी तारीख पंधरा मईको गई. आता फोटो बदलत नसतो. मागं नियम वाचा. चेहरा फोटोशी जुळला पाहिजे. नाही जुळला तर गेटवरून वापस." आणि त्यानं पुढची फाईल ओढली.

परतीच्या बसमध्ये संघदीप खिडकीला डोकं टेकून बसला. त्याला रडूच यायचं बाकी होतं. पोरीची इतक्या वर्षांची मेहनत एकीकडे आणि त्याच्या गमतीचं एक बटण एकीकडे. चेहरा फोटोशी जुळला पाहिजे. फोटो बदलत नसतो. चेहरा फोटोशी... गंगाझरीच्या आसपास कुठं तरी तो ताडकन सरळ बसला. फोटो बदलत नसतो ना? मग चेहरा बदलू. आयुष्यभर त्यानं चेहऱ्याप्रमाणे फोटो केले होते, काळ्याला गोरं, म्हाताऱ्याला तरणं, कुणाचा मस काढ, कुणाला केस लाव. एकदा उलटं करून पाहायला काय हरकत आहे? शेजारी बसलेल्या म्हातारीला त्यानं हे सांगूनही टाकलं. ती सावरून जरा पलीकडे सरकली.

पण हे काम त्याच्या माऊसनं होणारं नव्हतं. त्यासाठी मंगरूच पाहिजे.

झाडीपट्टीत मंगरूला कोण ओळखत नाही? दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, सुरू झाल्या की गावोगावच्या नाटकांना तोंडं रंगवून द्यायचा धंदा. तीस वर्षं रंगवत होता. मिशीवाल्या बाप्यांच्या त्यानं राण्या केल्या होत्या, किराणा दुकानदारांचे राक्षस केले होते. उन्हाळ्यात नाटकं बंद, तेव्हा तो गराडा गावाच्या रस्त्याला सायकलींचे पंक्चर काढायचा. संघदीपनं हॉल तिकीट त्याच्यापुढं धरलं तेव्हा तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. ओले हात बनियनला पुसून त्यानं तिकीट जवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

"हे तं आमचंच काम होय," मंगरू म्हणाला. "हजार मानसाच्या मांगं बसलेल्या बुढ्याले बी नाक दिसलं पाह्यजे, म्हनून आमी अशीच रेघ मारतो. तुह्या मशीननं नवीन का केलं?"

संघदीपला हा प्रश्न एरवी झोंबला असता. त्या दिवशी त्यानं मंगरूचे पाय धरले.

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तालीम झाली. रीना स्टुलावर, मंगरू पेटी उघडून समोर, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो फोटो भिंतीएवढा मोठा केलेला. मंगरूनं आधी सफेदा आणि पिवळी पिवडी कालवून चेहऱ्यावर एकसारखा थर दिला, छटा चार सोडा, एकही उरली नाही. मग कोळशासारख्या काजळानं कडा. संघदीप पडद्यावरून सूचना देत होता, भुवई दोन सूत वर, हनुवटीची रेघ जाड, आणि भैयालाल टेप घेऊन उभा. खरोखर टेप घेऊन. त्यानं फोटोतल्या नाकाची आणि डोळ्याची अंतरं मोजली, हिशेब लावला आणि पोरीच्या तोंडावर ती तपासली. "डावी भुवई उतरून राहिली, मंगरूभाऊ," तो म्हणाला, जसा काही मदतनिसाला विटेचा थर उचलायला सांगत होता. गालांवर गुलाबी नाही, चांगला लालभडक गोळा चढला, कारण फोटोत तसाच होता. केसांना खोबरेल तेल थापून एकच गठ्ठा केला आणि त्यावर निळीचं एक बोट ओढलं.

रीना आरशात पाहत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. संघदीपला वाटलं, रडते आहे. ती हसत होती. "मी राक्षसाची बहीन दिसून राहिली," ती म्हणाली, आणि मग सगळेच सुटले. मंगरू हसला, भैयालाल हसला, शटरखालून वाकून पाहणारा चहावाला हसला. हसू ओसरल्यावर रीनानं आरसा उलटा ठेवला. "संघदीप, उद्या गेटवरून वापस धाडलं तं मी का करू सांग," ती म्हणाली. तो खाली मान घालून कुंचला धूत बसला.

रविवारी मंगरूनं पहाटेच हात चालवला. साडेआठला बापलेक आणि संघदीप काळी-पिवळी जीपमधून गोंदियाला निघाली. जूनचं ऊन, पाऊस कुठंच नाही, आणि घाम आला की रंग उतरणार. काचा उघडाव्या तर धूळ रंगावर बसणार. म्हणून जीपच्या काचा बंद, रीना मधोमध, भैयालाल एका बाजूनं वर्तमानपत्रानं वारा घालतोय, संघदीप दुसऱ्या बाजूनं दुकानातल्या पुठ्ठ्यानं. बाकीचे प्रवासी तोंडात बोटं घालून पाहत होते. एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "कोनत्या गावाले आहे गा नाटक?" "गोंदियाले," भैयालालनं सांगितलं. "अकरा वाजता."

विद्यालयाच्या गेटवर उमेदवारांची रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येक मुलीनं मागं वळून पाहिलं. पाहू देत. रीना नाकासमोर बघत उभी राहिली. गेटवर एक शिपाई तिकीट तपासत होता. त्यानं रीनाचं तिकीट घेतलं. फोटो पाहिला, चेहरा पाहिला, फोटो पाहिला. पाच पावलांवर संघदीप टाचा उंचावून पाहत होता.

"जुळते तं खरं," शिपाई म्हणाला. "पन फोटूत ही हसून राहिली. इथं काऊन नाही हसत?"

रीनानं हसायचा प्रयत्न केला. अशा वेळी हसू कुठून आणणार? दात दिसले, पण ते दुखऱ्या दाढेच्या जाहिरातीसारखे. शिपाई मान हलवायला लागला. घाबरलेली रीना मदतीसाठी वळली आणि तिची नजर संघदीपवर पडली. संघदीप पहाटेपासून मंगरूच्या हाताखाली डबे-कुंचले धरून उभा होता. घाम पुसता पुसता त्यानं स्वतःच्या तोंडावर काय काय करून घेतलं होतं, हे घाईत कोणीच त्याला सांगितलं नव्हतं. एका बाजूला काजळाची अर्धी मिशी, नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपका, कपाळावर सफेद्याची पाच बोटं, आणि या सगळ्याखाली माणूस मरणाचा गंभीर.

रीना फुटली. तशीच, सगळे दात दाखवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हां, हीच होय," शिपाई म्हणाला आणि त्यानं तिला आत सोडलं.

संघदीपचा जीव भांड्यात पडला. पण तिथं तो पाच मिनिटंसुद्धा राहिला नाही.

रीनाचा वर्ग खालच्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला होता आणि उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या. बाप आणि संघदीप कुंपणाच्या जाळीला नाकं लावून उभे राहिले. वर्गावर सुमित्राबाई नावाच्या मोठ्या मॅडम होत्या. पांढरी साडी, जाड चष्मा, आणि आवाज असा की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा खाली बसावीत. त्या हातात यादी घेऊन बाकाबाकाशी जात होत्या. यादीत प्रत्येकीचा फॉर्मवरचा फोटो छापलेला होता. रीनाच्या बाकाशी त्या थांबल्या, आणि थांबल्याच.

"ही तू नाहीस," सुमित्राबाई म्हणाल्या.

रीनानं हॉल तिकीट पुढं केलं. मॅडमनी ते पाहिलं. "ही तू आहेस. पण यादीत ही तू नाहीस. एका नावावर दोन मुली? परीक्षेला दुसऱ्याला बसवता? ऊठ."

जाळीपाशी संघदीप हळूच भैयालालकडे वळला. "काका, फॉर्मवर कोनता फोटू लावला होता?"

"थो साधा," भैयालाल म्हणाला. "फॉर्म तं ऑफिसात पडून राह्यते, त्याले कोन पाह्यते? तिकीट पोरीच्या हातात राह्यते. चांगला फोटू पोरीजवर नको का?"

संघदीप जाळी धरून खाली बसला. गेटवर चेहरा तिकिटाशी जुळला म्हणून आत गेली, आणि आत यादीशी जुळत नाही म्हणून बाहेर निघणार. तोंड धुतलं तर यादीशी जुळेल, पण मग तिकिटाशी जुळणार नाही. तीन दिवस तिघांनी डोकं लावून पोरीला बरोबर खड्ड्यात नेऊन बसवलं होतं. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आत रीना उभी राहिली होती. "मॅडम," ती म्हणाली, "मले थोडं पानी देता का?"

घाबरलेल्या मुलीला पाणी नाही म्हणायला सुमित्राबाई काही राक्षस नव्हत्या. त्यांनी टेबलावरची बाटली दिली. रीना पाणी प्यायली नाही. तिनं ओढणीचं टोक भिजवलं, कपाळाच्या मधोमध बोट ठेवलं, तिथून नाकावरून सरळ खाली हनुवटीपर्यंत एक रेघ ठरवली आणि रेघेच्या उजव्या बाजूचं सगळं पुसायला लागली. सफेदा निघाला, काजळ निघालं, लाल गोळा निघाला. पुन्हा पाणी, पुन्हा पुसणं. डावीकडच्या रंगाला तिनं धक्का लावला नाही. बाहेर भैयालालच्या तोंडून नकळत शब्द गेला, "वळंब्यात आहे."

मग रीना मॅडमच्या समोर ताठ उभी राहिली. "मॅडम, इकडून यादी पाहा," तिनं उजव्या गालाला बोट लावलं. "आनि तिकडून तिकीट पाहा."

सुमित्राबाईंनी चष्मा सारखा केला. प्रश्नपत्रिकेचं पाकीट उचलून त्यांनी रीनाचा डावा अर्धा चेहरा झाकला आणि यादी पाहिली. मग पाकीट उजवीकडे सरकवलं आणि तिकीट पाहिलं. असं त्यांनी दोनदा केलं. तिसऱ्यांदा पाकीट सरकवताना त्या मधेच थांबल्या. त्यांनी ओठ आवळले, चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा रीनाकडे पाहिलं, आणि मग मोठ्या मॅडमचा बांध फुटला. त्या टेबलाला धरून हसल्या. वर्गातल्या सगळ्या मुली हसल्या, जाळीपाशी भैयालाल हसला, आणि संघदीप खाली बसल्या बसल्या हसत होता की रडत होता, ते त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

"या फोटोवर आमच्याकडे शिक्का मारणाऱ्याला मी उद्या बघते," सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तू बस. मी दोन्ही कागदांवर शेरा लिहून सही करते. तोवर त्या डाव्या गालाला हात लावू नकोस." तेवढ्यात घंटा झाली.

पुढचं सांगून टाकतो, नाही तर मला सुखानं बोलू द्यायचे नाहीत तुम्ही. निकाल वीस दिवसांनी लागला, चाळिसात रीना अकरावी आली. पण संघदीपची खरी परीक्षा त्याच रविवारी दीड वाजता गेटबाहेर झाली.

रीना बाहेर आली ती अर्ध्या तोंडानंच. अडीच तास लिहिण्याच्या नादात तिला दुसरी बाजू पुसायचं सुचलंच नव्हतं. घामानं काजळ थोडं ओघळलं होतं, बाकी मंगरूचं काम पक्कं. "सोपा गेला पेपर," तिनं बापाला सांगितलं. "एवढा सोपा की लिहिता लिहिता हसू येऊन राहिलं होतं." भैयालालनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो तेलानं आणि निळीनं माखला, तसाच पँटला पुसला आणि गडी समोरच्या गाड्यावर उसाचा रस आणायला गेला. रस्ता ओलांडताना तो एकटाच हसत होता.

दोघं कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले.

"माफ कर," संघदीप म्हणाला. "माह्या येडेपनानं तुही परीक्षा गेली असती."

"गेली तं नाही." रीनानं ओढणीनं हात पुसले. "पन आता खरं सांग. थो फोटू कायले देल्ता?"

"स्कीम..."

"म्या आमच्या गावात साऱ्याले इचारलं. सरपंचानं बत्तीस फोटू काढले तुह्याकडून. त्याले एक बी फ्री नाही भेटला."

संघदीपनं रस्त्याकडे पाहिलं. भैयालाल रसवाल्याला बर्फ कमी टाक म्हणून समजावत होता, म्हणजे अजून दोन मिनिटं होती. चार-पाच दिवस जीव मुठीत धरून धरून संघदीपच्या अंगातली खोटं बोलायची ताकदच संपली होती.

"तू हसली ना तवा, थे मले ठेवाचं होतं," तो म्हणाला. "पन न सांगता ठेवलं तं चोरी झाली असती. म्हनून तुले देलं."

"मंग तुह्या कॉम्प्युटरमंधी नाही ठेवलं?"

"ठेवलं."

"एक?"

"चौदा," संघदीप म्हणाला. "अल्लग अल्लग रंगाचे."

रीनानं मान खाली घातली, पुन्हा वर केली आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं. संघदीप तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. तिचा उजवा गाल हळूहळू लाल होत गेला, कानापर्यंत. डावा तर सकाळपासूनच लाल होता.